झाकलेला भात

या, जरा अलीकडं सरकून बसा. मागं कशाला, पुढं जागा आहे. ही गोष्ट टाळ-मृदंगाच्या गजरात सांगायची नाही, शेजारच्याच्या कानाशी लागून सांगावी तशी सांगायची आहे. कीर्तनात बुवा दृष्टान्त देतात, आपण माना डोलावतो, पदरानं, उपरण्यानं डोळे टिपतो, आणि उठताना तो दृष्टान्त मांडवातच ठेवून घरी येतो. त्यातलं माणूस खरं असेल, त्याचे गुडघे दुखत असतील, त्याला काही सांगायचं राहिलं असेल, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. पाटोद्याकडच्या एका माउलीनं पांडुरंगासाठी भात सोडला, हा दृष्टान्त मी चार गावांच्या सप्त्यांत ऐकला आणि चारही वेळा हात जोडले. ती माउली कोण, आणि तिचा भात खरा कुठं सुटला, ते आज ऐका.

सत्यशीलाबाईंचा हात ताटावर आडवा गेला तेव्हा भर दुपार होती. समुद्रापलीकडच्या बँकॉक शहरात, नदीला लागून असलेल्या एका जुन्या सागवानी घरात, बुटक्या गोल मेजापाशी त्या पाय दुमडून बसल्या होत्या. पाठीला तिकोनी उशी, पुढ्यात केळीचं पान गोल कापून घातलेलं ताट, कडेला पपईतून कोरून काढलेलं कमळ. दारातच चपला काढून घेतात, फुलं टाकलेल्या पाण्यानं हात धुवायला देतात, हात जोडून वाकतात. आत येताना त्यांना बरं वाटलं होतं, देवळात आल्यासारखं. मग अबोली रेशीम नेसलेली एक पोर गुडघ्यांवर सरकत आली. तिच्या हातात झाकणाचं चांदीचं भांडं होतं. तिनं झाकण उचललं आणि वाफ आली. वाफेला वास होता, मोगऱ्याच्या कळ्या कोऱ्या कापडात बांधून ठेवल्यासारखा. भात. हात आपसूक गेला, डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते तसा. वीस वर्षं तो असाच जात आला होता, लग्नांत, बारशांत, वर्षश्राद्धांत, आणि त्या हाताकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. तळवा खाली, बोटं जुळलेली, अंगठा आत दुमडलेला. असाच, अगदी असाच तो एकदा एका टोपल्यावर पडला होता. भांडंवाली पोर हसून थांबून राहिली. तिला वाटलं, म्हातारीला समजलं नाही. सत्यशीलाबाईंना हात मागं घ्यायचा होता, पण तो उचलेना, कारण मेजाच्या पलीकडून वैष्णवी त्या हाताकडं बघत होती.

वैष्णवी त्यांच्याच गावची. ज्या बी-बियाण्याच्या कंपनीनं ही सहल काढली होती, तिची ती नोकरदार. बीड जिल्ह्यातले दुकानदार सांभाळायचं काम तिच्याकडं होतं. सत्यशीलाबाईंच्या मुलाचं, अंगदचं, पाटोद्याला खत-बियाण्याचं दुकान. ठरलेला माल खपवला की कंपनी दुकानदारांना जोडीनं परदेशी फिरवून आणते, ही आता आपल्याकडची रीतच झाली आहे. ज्या गावात अजून एसटी दोनदाच येते त्या गावची माणसं थायलंडच्या गोष्टी पारावर सांगतात. अंगदच्या बायकोला, करिष्माला, दिवस गेलेले, म्हणून जोडीची जागा आईला मिळाली. सत्यशीलाबाई नको नको म्हणत होत्या. पण मनात एक होतं, एवढी मोठी बुद्धाची मूर्ती आहे म्हणतात, देव तो देवच, दर्शन घडेल. दर्शन घडलं. पण चार दिवस त्यांच्यासोबत चालत होती ती ही पोरगी. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची भीती वाटली तेव्हा वैष्णवीनं हात धरला. हॉटेलातल्या अंघोळीच्या खोलीत नळ कुठला गरम, कुठला गार, ते तिनं दाखवलं. जेवायला बसलं की ती आधी आत जाऊन आचाऱ्याशी बोलून यायची आणि वाटी पुढं सरकवून म्हणायची, "काकू, हे खा निवांत, यात मासळीचं पाणी न्हाई. मी दोनदा विचारलंय." सत्यशीलाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, तिला बाट लागू नये म्हणून या पोरीचा जीव खालवर होत होता. आणि प्रत्येक वाटी सत्यशीलाबाई तिच्याकडं न बघता घेत होत्या. कारण ही भिवराबाईची लेक. नाक तेच, बोलताना मान एका अंगाला कलती करायची लकब तीच. परवा बाजारात ती ओणवी होऊन पिशवी उचलत होती, तेव्हा सत्यशीलाबाईंना क्षणभर वाटलं, हिच्या हातात आता खराटा असणार.

"मावशी, हात काढा की, वाफ लागंल," बिभीषण म्हणाला. हा वडवणीचा दुकानदार, पोट सुटलेला आणि जीभ त्याहून सुटलेली. "चार दिस गवती चहाचं पाणी पिऊन माझी म्हैस झालीय बे. आज भात तरी वळखीचा आला."

"म्हैस तू येतानाच होतास," शेजारचे आप्पाराव म्हणाले. ते शिरूर कासारचे, वयानं वडील, कमी बोलणारे. "तिकिटावर तसं लिवलं न्हाई एवढंच."

सगळे हसले. भांडंवाली पोरही हसली, काही न कळता. अंगदनं तिला हातानं खूण केली, पलीकडं वाढ, आणि मग तो उशीला टेकून, आवाज थोडा उंचावून म्हणाला, "आमच्या आईला भात चालत न्हाई. वीस वर्सं झाली, देवाला सोडलाय." त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, होती ती माया, लहानपणापासून ऐकत आलेल्या गोष्टीवरची. "कुणी सांगितलं न्हाई, कुणाला दाखवलं न्हाई. एक दिस उठली आन सोडला. आमचे बुवा दर सप्त्यात सांगतात. म्हनून या भादव्याच्या सप्त्यात, काल्याच्या दिवशी, गाव सत्कार करनार हाय. बुवांनी सोता तारीख दिली." मग त्याला काही सुचलं आणि तो वैष्णवीकडं वळला. "वैष्णवे, तू यायचंच. गावची लेक तू, एवढी शिकलीस. तुझ्याच हातानं आईला शाल-नारळ द्यायचा. का, काय म्हनता आप्पाराव?"

"लेकीच्या हातचा मान मोठा," आप्पाराव म्हणाले आणि त्यांनी सत्यशीलाबाईंना बसल्या जागी नमस्कार केला. बिभीषणनंही चमचा खाली ठेवून हात जोडले.

वैष्णवीनं चमचा उचलला. तिनं आपल्या ताटातला भात चमच्यानं एका बाजूला ओढला, मग दुसऱ्या बाजूला. "बघू," ती म्हणाली. "रजा मिळाली तर."

आता काय करावं? सत्यशीलाबाईंनी समोरच्या वाटीतली आमटी तोंडाला लावली. नारळाचं दूध, आंबट, तिखट, कसल्याशा मुळीचा उग्र वास. जीभ चव सांगत होती आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती. सगळ्या वाट्या मेजाच्या मध्यात मांडलेल्या, ज्यानं त्यानं त्यातूनच घ्यायचं. काल्यासारखं, त्यांच्या मनात आलं, आणि मनात आलं तेच नको होतं. वीस वर्षांपूर्वीचं, काल्याच्या दिवशीचं ते कीर्तन त्यांना शब्दाशब्दानं पाठ आहे. दहीहंडी बांधलेली, बुवांच्या कपाळावर घाम, आणि बुवा सांगत होते की गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी, कुणाची ताजी, कुणाची कोंड्याची, आणि देवानं सगळ्या एकात कालवल्या; काल्यात लहान-मोठं पाहील त्याच्या हाती देव लागत नाही. सत्यशीलाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. पहिल्या ओळीत बसलेल्या. डोळे वाहत होते. खरंच वाहत होते, त्यात लबाडी नव्हती; हेच तर त्यांना नंतर कधी उलगडलं नाही की त्याच डोळ्यांनी, तासाभरात, ते कसं झालं.

आपल्याकडं ज्वारीचा मुलूख. भात म्हणजे सणाचा, पाव्हण्याचा. त्या वर्षी तर पीकपाणी बेताचं, तरी गावानं सप्ता मोडला नाही. बायकांच्या पंगतीला बायकांनीच वाढायचं असा गावचा रिवाज, आणि भाताचं टोपलं सत्यशीलाबाईंच्या कडेवर, कारण सप्ता ज्यांच्या पुढाकारानं व्हायचा ते विठ्ठलराव, अंगदचे आबा, त्यांचे यजमान. टोपल्यात धुतलेलं धोतर अंथरलेलं, वरून पांढरं फडकं. पंगत निम्मी झाली असेल तेव्हा विठ्ठलराव मांडवाच्या कनातीमागून खाकरले आणि त्या तिकडं गेल्या. "तालुक्याची पुढारी मंडळी निघालीत. तीस-पस्तीस पानं धर. भात राखून ठेव, न्हाईतर माझी मान खाली जाईल," एवढं बोलून ते गेलेसुद्धा. त्या वळल्या. पंगतीच्या शेवटाला, जिथं मांडवाची सावली संपते तिथं, भिवराबाई बसली होती, शेजारी सात वर्षांची पोर. खालच्या वस्तीतली. नवरा-बायको मिळून दर दसऱ्याला मुकादमाच्या ट्रकात बसून ऊसतोडीला जायची ती माणसं. सात दिवस भिवराबाईनं पहाटे उठून मांडव झाडला होता, सडा घातला होता, कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पत्रावळीवर भाकरी होती, आमटी होती. तिनं मान कलती करून वर बघितलं आणि म्हणाली, "अक्का, थोडा भात वाढा की." आणि सत्यशीलाबाईंचा हात टोपल्यावर पडला. तळवा खाली. "भात सरला गं," त्या म्हणाल्या. भिवराबाई म्हणाली, "असू द्या." तिनं भाकरी चुरली. बस्स, एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. पंगत उठली. तालुक्याची मंडळी दोन तासांनी आली, उभ्या उभ्या चहा पिऊन, नारळ घेऊन पुढच्या गावाला गेली. दिवेलागणीला टोपलं उघडलं तर भात चिकट झालेला, आंबूस. गुरांना घातला. बैलानं हुंगून मान फिरवली, मग खाल्ला.

तेवढ्यावर हे संपलं असतं. माणसाच्या हातून रोज काय काय सुटतं, आणि देव पोटात घालतो. पण पौषात ऊसतोडीच्या टोळीकडून निरोप आला की भिवराबाई तापानं गेली, उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत. तिच्या नवऱ्यानं तिकडंच सगळं उरकलं. तो निरोप आला त्या दिवशी सत्यशीलाबाईंच्या घरी पाव्हणे होते आणि चुलीवर भात रटरटत होता. त्या ताटावर बसल्या आणि घास तोंडापर्यंत जाईना. सासूनं विचारलं, "कावून गं? बरं न्हाई का?" तेव्हा तोंडातून निघालं, "भात सोडलाय मी. देवाला." एका खोट्यावर ते दुसरं. पहिल्यापेक्षा हे चांगलं दिसत होतं एवढाच फरक. सासू गहिवरली, तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं बुवांच्या कानावर घातलं, आणि पुढच्या सप्त्यात बुवा गाता गाता थांबले, म्हणाले, "या गावात एक माउली आहे." सगळा मांडव मागं वळला. त्या मान खाली घालून बसल्या, तर लोक म्हणाले, बघा, किती विनय. दर वर्षी दृष्टान्ताला एक एक पान फुटत गेलं. दुसऱ्या वर्षी देवानं स्वप्नात येऊन भात मागितला होता. पाचव्या वर्षी त्या भातानं गावाचा दुष्काळ हटला होता. त्यांनी एकदा बुवांना सांगायचं ठरवलं होतं, विठ्ठलराव वारले त्या वर्षी, पायरीपर्यंत गेल्या आणि बुवांनीच वाकून त्यांना नमस्कार केला, म्हणाले, "तुमचा दृष्टान्त ऐकून एका माणसानं दारू सोडली, माउली." मग काय सांगणार? त्या घरी आल्या. देव्हाऱ्यापुढं बसायच्या तेव्हा त्यांना वाटायचं, विटेवरचा तो कटीवर हात ठेवून उभा आहे तो एवढ्याचसाठी, की माझ्याकडचं काही हातात घ्यायला नको.

पलीकडच्या दालनात लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजू लागलं, टपटप टपटप, पाण्याचे थेंब घागरीत पडावेत तसं. सोनेरी मुकुटातल्या नाचणाऱ्या मुली आल्या. त्यांच्या बोटांना लांबलचक पितळी नखं. "चला बे, फोटो काढू," बिभीषण उठला, त्याच्यामागं अंगद, आणि आप्पारावही गुडघ्यांना हात लावून उठले. मेजापाशी दोघी राहिल्या.

सत्यशीलाबाईंना वाटलं, आता ही पण उठेल. वैष्णवी उठली नाही. तिनं एक वाटी पुढं केली. "काकू, काकडी घ्या. तुमी काहीच खाल्लं न्हाई."

"वैष्णवे," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य वीस वर्षं घोकून ठेवलेलं होतं ते सगळं पुसून गेलं. "तुझी आई काल्याच्या पंगतीला बसली होती. तिनं भात मागितला. मी म्हनलं सरला. सरला नव्हता."

वैष्णवीनं काकडीची वाटी हातातच धरली. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"ठाऊक हाय?"

"फडक्यातून वाफ येत होती. मी खाली बसलेली, टोपलं माझ्या डोळ्यापुढं. मी घरी जाताना आईला म्हनलं, अक्काच्या टोपल्यात भात होता. तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हनाली, मोठ्या घरची बाई हाय, तिलाबी कुनाचं तरी भ्याव असतंय. असं कुनाला सांगत फिरू नको." तिनं काकडीची वाटी पुन्हा जागेवर ठेवली. "म्या न्हाई सांगितलं कुनाला."

म्हणजे तिनं ओळखलं होतं. भिवराबाईनं "असू द्या" म्हटलं ते ओळखून म्हटलं होतं. सत्यशीलाबाईंना वाटलं, आपण आता रडू. पण डोळे कोरडे राहिले; कीर्तनात ते किती सहज वाहायचे. "तिच्यामागं मी भात सोडला, पोरी," त्या म्हणाल्या. "देवासाठी न्हाई. तुझी आई गेल्याचं कळलं त्या दिशीच सुटला. वीस वर्सं शीत तोंडात घातलं न्हाई."

हे सांगितलं की पोरगी विरघळेल, असं त्यांना आतून कुठंतरी वाटत होतं; हे त्यांना पुढच्याच क्षणी कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. कारण वैष्णवीचा चेहरा आता बदलला होता. भाताचं तिला ठाऊक होतं, हे नव्हतं. ती हळू आवाजात, एकेक शब्द निवडून बोलू लागली, तिची ती नोकरीतली भाषा मध्येच येत होती आणि मध्येच सुटत होती.

"म्हणजे बुवा जे सांगतात ते माझ्या आईचं आहे. आणि तुमचं नाव घेतात. देवाचं घेतात. मी बीडला हॉस्टेलवर होते तेव्हा आमच्या शेजारच्या देवळात लागलं होतं ते कीर्तन, मी खिडकीत उभी राहून ऐकलं, काकू. मला वाटलं, आमच्या गावच्या बाईंचं कौतुक. लई बरं वाटलं. मैत्रिणींना सांगितलं. त्यात माझी आई मेलेली हाय, हे मला कसं कळावं?" ती थांबली. "तुमी भात सोडला. तिला काय मिळालं त्यात? तिला भात मिळाला का?"

"काय करू, सांग. तू म्हणशील ते करते."

"मला कावून विचारता? मी काय बुवा हाय?"

चांदीचं भांडं मेजावरच होतं. सत्यशीलाबाईंनी ते ओढलं, झाकण काढलं, डाव भरला आणि गुडघ्यांवर उठून, भांडंवाली पोर बसायची तशा बसून, तो वैष्णवीच्या ताटाकडं नेला. वाढायचा हात जुना, सराईत. एक शीत सांडलं नाही. वैष्णवीनं ताटावर आपला हात आडवा धरला.

"नको," ती म्हणाली. "मला भात रोज मिळतो."

डाव तसाच मधल्यामध्ये राहिला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. परत भांड्यात घालावा तर घातला जाईना, आपल्या ताटात घेण्याचा तर विचारच नाही. मनगट दुखू लागलं. वाफ हळूहळू कमी होत गेली. आयुष्यभर त्यांनी ज्याला प्रायश्चित्त मानलं ते त्यांच्या आत होतं, आतच राहिलं, राखेत पुरून ठेवलेल्या निखाऱ्यासारखं, त्यानं कुणाचा हात शेकला नाही. उलट मान मिळाला. लोकांनी पायांवर डोकी ठेवली, लग्नात नव्या सुना पाया पडायला आणल्या. आणि जिची ती पत्रावळ, तिचं नाव चारचौघांत एकदाही निघालं नाही, कारण ते निघालं असतं तर बाकीचंही निघालं असतं. हे आज, इतक्या दूर, एका परक्या मेजावर इतकं लख्ख का दिसावं? गावात का दिसलं नाही? गावात सगळेच ओळखीचे. ओळखीच्या डोळ्यांत माणसाला आपलं ठरलेलं रूपच दिसत राहतं.

मंडळी परत आली. "मावशी, एका पोरीनं माझ्या गळ्यात हार घातला, घरी सांगू नगा," बिभीषण येता येता म्हणाला आणि डाव बघून थबकला. अंगद घाईनं खाली बसला. "आई, अगं हे काय? भात कावून उचललास? ठेव ते." त्यानं त्यांच्या हातातून डाव घेतला, भांड्यात टाकला, झाकण लावलं, आणि विषय बदलावा म्हणून वैष्णवीला म्हणाला, "मग काय ठरलं? रजा टाकतीस ना? पत्रिकेत तुझं नाव घालतो. सत्कार, हस्ते..."

"अंगद," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "बुवांना फोन लाव."

"आत्ता? तिथं आत्ता बारा वाजले असतील. नेवैद्याची टाइम."

"लाव."

आईचा हा आवाज त्यानं वडील गेल्यावरही ऐकला नव्हता. त्यानं लावला, स्पीकरवर. बुवा उचलताच उत्साहानं बोलू लागले, कुठं आहात माउली, प्रवास कसा, सत्काराच्या पत्रिका छापायला टाकायच्या आहेत. सत्यशीलाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, आरशासारखा. त्या बुवांशी बोलत होत्या, पण बघत होत्या समोरच्या तिघांकडं, अंगदकडं सगळ्यांत जास्त.

"बुवा, पत्रिका छापू नका. मी भात देवाला सोडला नव्हता. खालच्या वस्तीतल्या भिवराबाईला काल्याच्या पंगतीत मी भात सरला म्हनून सांगितलं, आन टोपल्यात भात होता. सात दिस मांडव झाडला होता तिनं. ती पौषात मेली, तवा सुटला माझा भात. तुमी माझा दृष्टान्त सांगता त्यो खोटा हाय. मी वीस वर्सं गप बसून तुमच्या तोंडून खोटं वदवून घेतलं."

मग बुवांचा आवाज आला, कीर्तनातला नव्हे, घरातला, म्हाताऱ्या माणसाचा. "माउली, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण हे आता काल्यात सांगायचं म्हणजे... विठ्ठलरावांचं नाव, घराणं... लोकांची श्रद्धा बसली आहे हो."

"तुमीच सांगितलतं, काल्यात लहान-मोठं बघंल त्याच्या हाती देव लागत न्हाई. मी पहिल्या वळीत बसलते."

अंगदचा चेहरा लाल झाला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई, आबांनी सांगितलं असंल ना राखून ठेवायला? मग तुझी काय चूक? घरी बोलू की. हितं चार लोकांत कावून?"

"त्यांनी ठेव म्हनलं. झाकला मी," त्या म्हणाल्या. "आन चार लोकांतच मान घेतला, अंगद."

बिभीषण खाली बघत होता. आप्पारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली; त्यांच्या शिरूरची निम्मी माणसं दर दसऱ्याला त्याच ट्रकांतून जातात. फोनमधून बुवांनी घसा साफ केला. "बरं," ते म्हणाले. "सांगेन. आहे तसं सांगेन. मला लिहून घेऊ द्या. त्या बाईचं पूर्ण नाव काय?"

सत्यशीलाबाईंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. भिवराबाई. पुढं? वीस वर्षं रोज दोन वेळा, ताटावर बसताना, त्या बाईला त्यांनी आठवलं होतं. तिची कलती मान आठवली, पत्रावळ आठवली. तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव, तिचं माहेर, तिला काय गाणं यायचं, तिला भाताबरोबर काय आवडायचं, यातलं काहीसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. त्या फक्त आपलं दुःख पाठ करत आल्या होत्या. त्यांनी वैष्णवीकडं बघितलं. मागायला तोंड नव्हतं, तरी मागितलं.

"पोरी, मला न्हाई ठाऊक."

पलीकडं वाद्य थांबलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते. वैष्णवी उठली, मेजाला वळसा घालून आली, त्यांच्या शेजारी बसली, पण अंगाला अंग लागू न देता, आणि फोनकडं तोंड करून, शाळेत हजेरी द्यावी तशा स्पष्ट आवाजात तिनं नाव सांगितलं. बुवांनी ते सावकाश परत म्हटलं. तिनं एक अक्षर दुरुस्त केलं.

हे ऐकून सगळे मला एकच विचारतात, मग त्या बाईंनी भात खाल्ला का? ते नका विचारू. इतकी वर्षं आपण त्या भाताचंच कौतुक ऐकत बसलो आणि जिची पंगत चुकली तिच्याकडं पाठ केली. विचारायचंच असेल तर तिचं विचारा. ती भिवराबाई सुंदर साबळे, माहेर शिरूरकडचं, गेली तेव्हा वय एकतीस. लेकीला तिनं एवढंच शिकवलं की दुसऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी. तुम्ही देवाला हात जोडाल तेव्हा जोडाल. पण उद्या दुपारी ताटावर बसाल आणि पहिला घास उचलाल, तेव्हा क्षणभर थांबून तिचं नाव घ्या. सगळं घ्या, आडनावासकट.